मुद्दे पक्के, तरी श्रोते हलत नाहीत. मांडणीत काय चुकतं?

आडवाट: दहा मिनिटांच्या भाषणात एक खर्चिक प्रस्ताव सभासदांना पटवायचा आहे. सात मुद्दे आहेत, प्रत्येकाला आकडेवारी आहे. ऐकणारे "बरोबर आहे" म्हणतात, पण मत बदलत नाहीत. काय बदलावं?

टाकबोरू: सातातले चार काढा. श्रोता मुद्द्यांची बेरीज करत नाही. सर्वांत लंगडा मुद्दा पकडतो आणि त्याच्याबरोबर बाकीचेही मोडीत काढतो. उरलेल्या तिनांत दोन नंबरचा भक्कम मुद्दा आधी, कच्चा मध्ये, सर्वांत भक्कम शेवटी. ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' महाकाव्यात नेस्टर हा वृद्ध सेनानी कच्चे सैनिक मधल्या फळीत ठेवतो. म्हणून रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन या क्रमाला होमरची रचना म्हणतो. आकडा एका मुद्द्याला एकच. ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही.

उभयान्वयी: मला दुखणं वेगळं वाटतं. "बरोबर आहे" म्हणूनही माणूस हलत नाही, म्हणजे तर्क पोचला, विश्वास बसला नाही. अरिस्टॉटलने मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याची भावावस्था आणि युक्तिवाद. त्यातली विश्वासार्हता भाषणातूनच उभी राहिली पाहिजे, आधीच्या नावलौकिकावर नव्हे, असं तो बजावतो. त्यासाठी श्रोत्याच्या मनातला सर्वांत मोठा आक्षेप तुम्हीच आधी, त्याच्याच शब्दांत मांडा. इथे 'पण' फार जपून वापरा. "टिकाऊ आहे, पण महाग आहे" यात महागाई लक्षात राहते. "महाग आहे, पण टिकाऊ आहे" यात टिकाऊपणा. आक्षेप मुद्दाम दुबळा करून मांडलात तर उलटंच होतं: खरा आक्षेप तसाच राहतो, आणि तुम्ही तो टाळलात हेही कळतं.

आडवाट: आणि पुनरुक्ती? शेवटी एकच वाक्य तीनदा म्हणावं का?

टाकबोरू: तेच वाक्य नको. साचा तोच ठेवा, आतला शब्द बदला. चर्चिलच्या ४ जून १९४० च्या भाषणात 'आपण लढू' येत राहतं, जागा बदलतात: किनारे, शेतं, रस्ते, टेकड्या. मग साचा मोडतो: शरण कधीच जाणार नाही. सगळा जोर त्या मोडण्यात आहे.

उभयान्वयी: एक भर. इंग्रजीत तो ठेका वाक्याच्या सुरुवातीला पडतो. मराठीत क्रियापद शेवटी, म्हणून "किनाऱ्यावर लढू, शेतात लढू" असा ठेका शेवटी येतो. सुरुवातीला हवा असेल तर "म्हणूनच" किंवा "ज्या दिवशी" असा शब्द आधी ठरवून वाक्यं त्यावर बांधा. भाषांतरित भाषणं बऱ्याचदा इथेच अडखळतात.