लोकवर्गणी, देणगी, निधी : उमेदवाराच्या पैशाला काय म्हणावे?

प्रश्न : 'अमुक उमेदवाराने लोकवर्गणीतून विधानसभा लढवली' अशी बातमी असते. त्याच बातमीत पुढे 'देणगीदार' येतात, 'निवडणूक निधी' येतो. हे समानार्थी मानावेत का?

उत्तर : मानू नयेत. वर्गणीला पुष्कळ माणसे लागतात. गणपतीची वर्गणी, देवळाची वर्गणी. वाटा लहान, आणि मागणारा दारी येतो. देणगी एकट्याचीही असते, आपखुशीची असते. शंभर रुपये देणाऱ्या शेतमजुरांच्या पैशाला लोकवर्गणी जरूर म्हणावे, पण एका ठेकेदाराने दिलेल्या पाच लाखांना तो शब्द लावणे ही वाचकाची फसवणूक आहे. 'निधी' म्हणजे नुसता साठा. पैसा कुठून आला ते हा शब्द सांगत नाही, म्हणून बातमीत तो एकटा वापरू नये. पूर्वी सभेत 'थैली अर्पण' होई, आकडाही तिथेच जाहीर केला जाई. तो शब्द आता मागे पडला.

दुसरे उत्तर : हिशेबाच्या बाजूने एक भर. वर्गणी असो, देणगी असो की उसनवारी, उमेदवाराला सगळे निवडणुकीसाठी उघडलेल्या स्वतंत्र बँक खात्यातून दाखवावे लागते. मर्यादा आहे ती खर्चाला, जमा करण्याला नाही. 2024च्या विधानसभेला महाराष्ट्रात ती 40 लाख रुपये होती. निकालानंतर 30 दिवसांत हिशेब सादर करायचा असतो.

प्रश्न : मग 'निवडणूक खर्च' म्हणजेच प्रचारखर्च ना? गावात तर 'कोट्यवधी गेले' म्हणतात.

उत्तर : कायद्यातला 'निवडणूक खर्च' अरुंद आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 प्रमाणे अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने दुसऱ्याने केलेला खर्च तेवढा त्यात येतो. स्टार प्रचारकांचा प्रवास त्यात धरत नाहीत, आणि पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला तर मर्यादाच नाही. 1974मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही धरायला लावला होता. त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निष्प्रभ केला गेला आणि पक्षाच्या अशा खर्चाला सवलत मिळाली. 2003च्या दुरुस्तीने ती सवलत पुन्हा आवळली. म्हणून 'उमेदवाराने 40 लाखांत निवडणूक लढवली' असे लिहू नये. 'उमेदवाराने इतका खर्च दाखवला' हे शब्द बरोबर.

प्रश्न : आणि 'लक्ष्मीदर्शन'?

उत्तर : तो खर्च नव्हेच. मतदाराला पैसे देणे ही लाच आहे, बातमीतही 'लाच'च लिहावे.