एसक्यूएल सर्व्हर: रिस्टोर केल्यावर युजर दिसतोय पण आत घेईना

रात्रपाळी:
जुन्या सर्व्हरचा बॅकअप नव्यावर रिस्टोर केला, डेटा सगळा नीट आलाय पण ॲप कनेक्टच होईना, आधी एरर १८४५६ येत होता, बघितलं तर इथे लॉगिनच नव्हतं म्हणून त्याच नावाने बनवलं, तर आता ४०६०, डेटाबेस उघडता येत नाही म्हणे. युजर तर तिथे डोळ्यासमोर दिसतोय! लॉगिन त्या डेटाबेसशी जोडायला मॅपिंगला टिक केली तर १५०२३, युजर आधीच आहे. अरे मग आहे तर आत घे ना?? सिसॲडमिन (सर्व्हरवरचे सगळे हक्क) देऊन टाकू का, सकाळी लोक येणारेत

जुनाखिळा:
सिसॲडमिन नको बाबा. लॉगिन (सर्व्हरमधे शिरायचं खातं) असतं मास्टर नावाच्या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधे, युजर असतो तुझ्या डेटाबेसमधे, आणि दोघांची गाठ एसआयडीने (आतल्या ओळख क्रमांकाने) बांधलेली असते, नावाने नाही. तू नवं लॉगिन केलंस त्याला नवा एसआयडी मिळाला, युजर अजून जुनाच धरून बसलाय. ऑर्फन युजर म्हणतात याला. त्या डेटाबेसमधे जाऊन एवढंच चालव:
अल्टर युजर ॲपयुजर विथ लॉगिन = ॲपयुजर
परमिशनला धक्का लागत नाही. युजर उडवून परत बनवायच्या भानगडीत पडू नको, दिलेल्या परमिशन जातील, आणि त्याच्या नावावर स्कीमा (टेबल, प्रोसीजर ठेवायचा कप्पा) असेल तर १५१३८ येऊन उडणारही नाही.

लॉगवाचक:
१८४५६ परत आला तर ॲपमधला मेसेज बघू नका, तिथे स्टेट (एररचं नेमकं कारण सांगणारा आकडा) १च दिसतो, मुद्दाम लपवतात. खरा आकडा सर्व्हरच्या एररलॉगमधे. ५ म्हणजे लॉगिन नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकला, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज ऑथेंटिकेशनवर आहे. मिक्स्ड मोड (विंडोजचं आणि एसक्यूएलचं, दोन्ही लॉगिन चालतात तो) केला की सर्व्हिस रिस्टार्ट करा, मी विसरलो होतो आणि दोन तास नुसता पासवर्ड बदलत बसलो 🤦

रात्रपाळी:
झालं लॉगिन!! पण रिपोर्ट उघडला की २२९, प्रोसीजरला (डेटाबेसमधे साठवलेल्या प्रोग्रामला) एक्झिक्युट म्हणजे चालवायची परमिशन नाही. जुन्यावर तर चालत होतं

जुनाखिळा:
जुन्यावर त्या लॉगिनला सिसॲडमिन होतं का?

रात्रपाळी:
होतं 😬

जुनाखिळा:
मग तिथे परमिशन कुणी तपासतच नव्हतं. डेटारीडर डेटारायटर (डेटा वाचायचे-लिहायचे रोल) असून प्रोसीजर चालत नाहीत, हे दे:
ग्रँट एक्झिक्युट ऑन स्कीमा::डीबीओ टू ॲपयुजर
आणि पुढच्या वेळी लॉगिन बनवतानाच जुना एसआयडी दे, क्रिएट लॉगिनमधे तशी सोय आहे, मग कितीही रिस्टोर कर.

रात्रपाळी:
चालला रिपोर्ट. झोपतो आता