विंडसर नॉट ड्यूकने बांधलीच नाही, मग टायच्या इतिहासाचं श्रेय कोणाला?

उरेब:
मलमल यांचा पुरुषांच्या गळ्यावरचा लेख वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लंडनचा प्रसिद्ध शौकीन ब्रमेल याने क्रॅव्हाटला (टायच्या आधी गळ्याभोवती गुंडाळायच्या कापडाला) शिस्त लावली, ड्यूक ऑफ विंडसरने (राजपद सोडलेला इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड) विंडसर नॉट ही टायची गाठ दिली, फियाट कंपनीचा इटालियन मालक आन्येल्लीने टाय मोकळा केला, आणि आज आपण जे गळ्यात घालतो ती या चार-पाच देखण्या माणसांची देणगी. लेख सुरेख उतरलाय, पण मांडणी मुळातच चुकलेली आहे. हेच वर्षानुवर्षं उगाळलं जातंय म्हणून सविस्तर लिहितो.

विंडसर नॉटपासूनच सुरू करू. ड्यूकने 1960मध्ये स्वतः लिहून ठेवलंय की अमेरिकन लोक ज्या दुहेरी गाठीला त्याचं नाव देतात ती त्याची नव्हे. त्याला मोठी गाठ आवडायची हे खरं, पण ती त्याने टाय शिवणाऱ्याकडून मिळवली: टाय रुंद, आणि आत जादा जाडीचं कापड. त्याचे फोटो जवळून बघा, गाठ किंचित तिरकी आहे, म्हणजे फोर-इन-हँड, टायची सर्वांत साधी नेहमीची गाठ. लोकांकडे तसा जाड टाय नव्हता. पातळ टायमधून तेवढीच गाठ काढायची म्हणून त्यांनी दोन वळसे जास्त घेतले आणि नाव ड्यूकचं लावलं. गाठीचा आकार अस्तराने ठरवला, राजपुत्राने नाही.

ब्रमेलचंही तेच. हनुवटीपर्यंत चढलेले क्रॅव्हाट पॅरिसचे शौकीन तरुण 1790च्या दशकातच घालत होते, काहींचे तर खालच्या ओठाला टेकत. स्टार्चही त्याचा नाही. डिंगेन व्हॅन डर प्लासे ही फ्लेमिश बाई 1564मध्ये लंडनला आली आणि गळ्याच्या झालरींना खळ कशी द्यायची ते पैसे घेऊन शिकवू लागली. उंची दुसऱ्यांची, खळ दुसऱ्यांची. मग ब्रमेलचं काय उरलं?

मलमल:
तुम्ही शोध आणि प्रभाव यांची गल्लत करताय. ब्रमेलने स्टार्च शोधला असं मी कुठेही म्हटलेलं नाही. त्याच्या आधी लंडनमधले क्रॅव्हाट बिनखळीचे असत आणि पुढे फुगून लोंबत. त्याने हलकी खळ दिली. 'हलकी' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण सगळी कारागिरी त्यातच आहे.

कॅप्टन जेसीने 1844च्या चरित्रात त्याची पद्धत दिली आहे. कॉलर शर्टालाच जोडलेली आणि इतकी मोठी की दुमडण्याआधी चेहरा झाकून जाई. क्रॅव्हाट जवळजवळ एक फूट उंच. आधी कॉलर हवी तेवढी दुमडायची, मग कापड गुंडाळायचं, मग आरशासमोर हनुवटी छताकडे करून उभं राहायचं आणि जबडा अगदी हळूहळू खाली आणायचा. जबड्याच्या त्या दाबाने एक फूट उंचीच्या कापडाला आडव्या चुण्या पडत आणि ते गळ्यावर बसे. नुसता हात लावून अशा चुण्या येत नाहीत.

आता यात बिघडतं कुठे? खळ जास्त झाली तर कापड वळत नाही, मोडतं, आणि चुणीच्या जागी टोकदार कोपरा निघतो. कमी झाली तर तासाभरात गळ्याच्या उबेने आणि घामाने सगळं खाली बसतं. बेताची असली तरी संधी एकच, कारण खळीच्या मलमलीवर पडलेली चुणी पुसता येत नाही, ते कापड परत धुवायलाच जातं. त्याचा नोकर वाया गेलेल्या क्रॅव्हाटांचा ढीग घेऊन जिना उतरायचा ही गोष्ट लोक नखरा म्हणून सांगतात. तो नखरा नव्हता. कापडाचा स्वभाव लक्षात घेतला तर दुसरा इलाज नव्हता.

आणि हे पाहून लंडनच्या पुरुषांनी लेस, भरतकाम, रंग टाकून पांढऱ्या स्वच्छ कापडावर समाधान मानलं. 1818पर्यंत क्रॅव्हाट बांधण्याच्या प्रकारांवर सचित्र विडंबन-पुस्तिका निघत होत्या. लोकांना आधीच वेड लागलेलं नसतं तर विडंबन कोणी विकत घेतलं असतं?

उरेब:
वर्णन उत्तम, पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. रोज डझनावारी स्वच्छ, बेताच्या खळीची मलमल पुरवत कोण होतं? धुणाऱ्या बायका. त्यांचं नाव कुठल्याच चरित्रात नाही.

ज्यांची नावं उरली आहेत ती तरी घ्या. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात हॅना मॉन्टेग्यूने 1827च्या सुमारास नवऱ्याच्या शर्टाची कॉलर कापून वेगळी केली, कारण मळायची फक्त कॉलर आणि धुवावा लागायचा अख्खा शर्ट. त्यातून सुट्या कॉलरचा धंदा उभा राहिला आणि ट्रॉयला 'कॉलरचं शहर' हे नाव पडलं. तिथेच केट मुलॅनीने 1864मध्ये कॉलर धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या बायकांची युनियन उभी केली.

टायच्या दृष्टीने याचा अर्थ बघा. कॉलर ताठ उभी असेपर्यंत गळ्याभोवती भरपूर कापड गुंडाळावं लागतं. कॉलर खाली दुमडली की गळ्यामागचा भाग झाकला जातो, तिथे अरुंद पट्टी पुरते आणि दिसायला उरतात फक्त गाठ आणि खाली सुटलेली टोकं. आजचा लांब टाय तिथून येतो. कॉलर बदलली म्हणून टाय बदलला. कुठल्याही शौकिनाच्या लहरीने नाही.

गाठमारू:
मूळ वाद तुमचा चालू द्या, पण विंडसरचा विषय निघालाच आहे तर एकदा स्पष्ट बोलूया. ती गाठ बहुतेकांनी बांधूच नये. समभुज त्रिकोण, अगदी सारखा, चेहऱ्याखाली ठोकून बसवलेला. फोर-इन-हँडला जो किंचित तिरकेपणा असतो त्यानेच टाय जिवंत दिसतो.

फिंक आणि माओ या केंब्रिजच्या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी 1999मध्ये 'नेचर'मध्ये गणित मांडलं: जास्तीत जास्त नऊ चालींत बांधता येणाऱ्या गाठी 85. फोर-इन-हँड चार चालींची, प्रॅट पाच, हाफ-विंडसर सहा, विंडसर आठ. 85 वाटा मोकळ्या असताना सगळे एकाच ढोबळ गाठीत अडकलेत, कारण तिला राजघराण्याचं नाव आहे. म्हणजे या एका बाबतीत उरेब बरोबर आहेत.

दुपदरी:
गाठमारू, विंडसरवर राग काढण्याआधी ती बांधता कशी ते बघा. नव्वद टक्के तक्रारी चुकीच्या टायमुळे आणि चुकीच्या कॉलरमुळे असतात. कॉलरची टोकं फाकलेली हवीत. अरुंद, खाली टोकदार कॉलरमध्ये ती कोंबली तर गाठ कॉलर उचलते आणि वरचं बटण दिसतं. टाय पातळ रेशमाचा, हलक्या अस्तराचा हवा. जाड लोकरी टायवर विंडसर बांधायची नसतेच.

पद्धत: रुंद टोक नेहमीपेक्षा चार-पाच बोटं जास्त खाली सोडा. ते अरुंद टोकावरून आडवं न्या, गळ्याच्या फासातून खालून वर काढून त्याच बाजूला खाली आणा, मागून दुसऱ्या बाजूला न्या, फासात वरून आत घालून खाली ओढा, पुढून आडवं, परत खालून फासातून वर, आणि शेवटी पुढच्या पदरातून खाली. लोक चुकतात ते असं की प्रत्येक वळसा सैल ठेवतात आणि शेवटी एकदम आवळतात. मग आतला पदर चुरगळतो आणि गाठ एका बाजूला फुगते. प्रत्येक वळशाला हलका ताण द्यायचा. आवळण्याआधी गाठीच्या अगदी खाली मधोमध तर्जनी दाबून दोन्ही कडा अंगठा आणि मधल्या बोटाने आत घ्यायच्या, म्हणजे गाठीखालचा छोटा खळगा सरळ पडतो.

गाठमारू:
पद्धत मला येते, ती शिकवू नका. आठ चालींनी रेशमाला किती पीळ बसतो त्यावर बोला. टायची पाठ फाडून कधी बघितली आहे का? एकच लांब, सैल टाका वरपासून खालपर्यंत जातो आणि टोकाशी थोडा धागा मोकळा सोडलेला असतो. तो मुद्दाम सैल ठेवतात. गाठ बांधताना कापड ताणतं तेव्हा टाका त्याच्याबरोबर सरकतो, सोडल्यावर परत बसतो. जास्त वळसे म्हणजे जास्त ताण त्याच टाक्यावर. पातळ टायला रोज विंडसर बांधा आणि वर्षाने अस्तर आत कसं गोळा झालेलं असतं ते बघा.

दुपदरी:
अस्तर गोळा होतं ते गाठीमुळे नाही, सोडताना अरुंद टोक हिसकून गाठीतून बाहेर काढतात म्हणून. ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट क्रमाने सोडा, कुठलीही गाठ असो. अर्धवट ज्ञानावर दुसऱ्याला 'फाडून बघा' म्हणणं सोपं असतं.

रेशीम:
दोघेही जरा थांबा. गाठीपेक्षा अस्तराचा काप महत्त्वाचा आहे आणि तो कोणीच बघत नाही. अरुंद टोक धरून टाय लोंबता सोडा. सरळ लोंबला तर ठीक. पीळ खाऊन फिरला तर वरचं कापड किंवा अस्तर तिरप्यात नीट कापलेलं नाही, मग फोर-इन-हँड बांधा नाही तर विंडसर, गाठ रोज वाकडीच येणार. अस्तरही उरेबच, म्हणजे तिरप्या धाग्यातच, कापावं लागतं, आणि स्वस्त टायमध्ये पहिली बचत तिथेच करतात, कारण तिरप्या कापात कोपऱ्यांचं कापड वाया जातं. घट्ट मुठीत टाय दाबून सोडा: लोकरी अस्तर परत उसळतं, नुसतं पॉलिएस्टरचं पातळ अस्तर चुरगळून तसंच राहतं.

इस्त्री थेट टायवर कधीही ठेवू नका. कडा गोल वळलेल्या असतात, इस्त्रीने त्या सपाट होतात, रेशमावर चमक येते आणि ती परत जात नाही. लांबून वाफ द्या आणि रात्रभर टांगून ठेवा. स्वेटरसारखा विणलेला (निटेड) टाय मात्र टांगायचा नाही, लांबतो. तो गुंडाळून ठेवायचा.

उरेब:
रेशीम, हाच माझा खरा मुद्दा होता, तुम्ही तो माझ्यापेक्षा नेमका मांडला. 1920च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फने टायचं कापड 45 अंशांत कापून तीन तुकड्यांत जोडायची पद्धत आणली. उभ्या किंवा आडव्या धाग्यात कापड ताणत नाही, तिरप्यात ताणतं आणि परत येतं. त्याआधीचे सरळ कापलेले टाय पिळायचे, गाठीच्या जागी सुरकुती कायमची बसायची. ज्या आधुनिक टायवर तुम्ही दोघे विंडसर की फोर-इन-हँड म्हणून भांडताय तो या कापामुळे शक्य झाला. लँग्सडॉर्फचा फोटो कोणी भिंतीवर लावलेला नाही.

हवं तर प्रॅट गाठीचं उदाहरण घ्या. जेरी प्रॅट या म्हाताऱ्या गृहस्थाने ती डॉन शेल्बी या अमेरिकन टीव्हीवरच्या वृत्तनिवेदकाला शिकवली. 1989मध्ये वर्तमानपत्रांतून ती गाजली तेव्हा कित्येकांनी तिला 'शेल्बी' म्हटलं. नाव पडद्यावरच्या चेहऱ्याला चिकटतं.

मलमल:
चिकटतं ना? मग तोच प्रभाव! शेल्बी पडद्यावर नसता तर प्रॅटची गाठ प्रॅटबरोबर गेली असती. लँग्सडॉर्फचा काप उत्तम, मान्य. लेखात तो यायला हवा होता, हेही मान्य करते. पण कापाने टाय टिकाऊ झाला, हवाहवासा झाला नाही. आन्येल्ली टायचं मागचं टोक पुढच्यापेक्षा लांब सोडायचा आणि घड्याळ शर्टाच्या कफवर बांधायचा. कापाच्या किंवा अस्तराच्या हिशेबात याला काहीच अर्थ नाही. तरी कित्येक पुरुष आजही मुद्दाम मागचं टोक लांब सोडतात. हे कुठल्या धोबिणीने किंवा शिंप्याने ठरवलं, सांगा.

अवांतर होईल, पण दिखाव्याची ताकद बघायची तर ग्रिनलिंग गिबन्स या लाकूड कोरणाऱ्या कलाकाराने 1690च्या सुमारास लिंडनच्या लाकडात कोरलेला लेसचा क्रॅव्हाट बघा, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने 1769मध्ये पाहुण्यांसमोर तो लाकडी क्रॅव्हाट गळ्यात घातला होता. न धुता येणारा, न बांधता येणारा. माणसं गळ्यात सोय शोधत नाहीत.

उरेब:
मागच्या टोकाची गोष्ट मान्य करावी लागेल, तिला तांत्रिक कारण देता येत नाही. मात्र तेवढीच. तुमच्या यादीतल्या बाकी प्रत्येक नावाखाली एक कापड, एक कॉलर किंवा एक टाका आहे. लेखात ब्रमेलला चार परिच्छेद आणि खळीला एक ओळ, याला माझा विरोध कायम आहे.

दुपदरी:
आणि गाठमारू, पातळ अस्तराचा टाय रोज एकाच जागी गाठ पडून झिजतो, म्हणून एकदा बांधल्यावर त्याला किमान एक दिवस टांगून विश्रांती द्यायची असते. ते केलंत तर विंडसरनेही टाका तुटत नाही.

गाठमारू:
विश्रांतीचं बरोबर आहे. टाका तुटत नाही हे मात्र मी मानत नाही. दोन सारखे टाय घ्या, एकाला आठ चाली, एकाला चार, आणि सहा महिन्यांनी पाठीवरचा मोकळा धागा दोन्हीकडे किती उरलाय ते मोजा. मग बोलू.