शीड फडफडते की थरथरते?

अनुवादिका: लहान शिडाच्या होड्या चालवायला शिकणाऱ्या मुलांसाठीच्या एका इंग्रजी पुस्तिकेचे भाषांतर करताना मी एके ठिकाणी अडले आहे. होडीचे नाळ, म्हणजे पुढचे टोक, वाऱ्याकडे फार वळले की मोठ्या शिडाची डोलकाठीलगतची कड हलू लागते, तिथे मी ‘शीड फडफडते’ असे लिहिले. दोन पानांनंतर तेच शीड वाऱ्याने नीट भरलेले असते, केवळ मागची मोकळी कड कंप पावत असते, आणि तिथेही माझ्या हातून ‘फडफडते’ हाच शब्द उतरला. दोहोंवरचे उपाय निराळे असल्यामुळे मुले भलताच दोर ओढतील, अशी मला भीती वाटते. शिवाय वारा पाहून शीड हवे तेवढे ताणण्या-सोडण्याला एकच क्रियापद हवे आहे.

शब्दनिष्ठ: मागच्या कडेसाठी ‘पश्चकंप’ आणि क्रियेसाठी ‘वातपट-समायोजन’ हे शब्द निर्दोष ठरतील.

भरतीओहोटी: ‘वातपट-समायोजन’ पुरते उच्चारेपर्यंत होडीने बाजू बदललेली असेल. मुंबई बंदरात आम्हाला शिकवणारे गृहस्थ म्हणत, ‘शीड सोडत जा, पुढची कड लवू लागली की थांब, आणि ती शांत होईल तेवढेच ओढ’. ही तालीम ‘शीड बेतणे’ या शब्दांत सहज मावते. मागच्या कडेला मात्र मी ‘थरथर’च म्हणेन. तिच्यासाठी आधी शिडाचा वरचा भाग फार उघडा पडला आहे का ते पाहावे, आणि तसे असल्यास दामण, म्हणजे शीड आवरण्याचा दोर, ओढावी किंवा बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची काठी, खाली धरणारी दोरी ताणावी. तरीही कड थरथरत राहिली, तर तिच्या शिवणीतून जाणारी बारीक दोरी थरथर थांबण्यापुरतीच ओढावी, कारण जास्त ओढल्यास कड वाऱ्याच्या बाजूला वळून बसते आणि होडी मंदावते.

मालवणकर: दामण हा शब्द वाचून आनंद झाला. आजोबा शीड आवरण्याच्या दोराला हेच म्हणत, आणि तो संस्कृत ‘दामन्’ म्हणजे दोर यावरूनच आला असणार. दामोदरातले दाम आणि गुरांची दावण त्याच कुळातली आहेत.

शब्दनिष्ठ: यावर आपले एकमत आहे, हे पाहून मला समाधान वाटले.

भरतीओहोटी: इतक्या लवकर समाधान मानू नये. फारसीत ‘दामन’ म्हणजे वस्त्राचा खालचा घेर, आणि हा दोर शिडाच्या खालच्या कोपऱ्यालाच बांधलेला असतो. इंग्रजीतही या दोराला ‘शीट’ म्हणतात, आणि तो शब्दही मुळात शिडाच्या खालच्या कोपऱ्याचाच होता. अरबी समुद्रात फारसी आणि अरबी बोलणारे खलाशी शतकानुशतके वावरले असताना शब्द थेट गोठ्यातून आला, असे मानायला मन धजत नाही.

मालवणकर: खलाशांच्या घरीही गोठे असत, हे आपण विसरता.

अनुवादिका: चर्चा रंजक आहे, परंतु बूमला काय म्हणावे? मी ‘परबाण’ लिहिले आहे.

मालवणकर: ते कृपया बदलावे. परबाण म्हणजे तिरप्या शिडाची वरची कड जिला बांधतात ती लांब काठी. आमच्या गलबतांच्या शिडाला खाली काठीच नसे.

शब्दनिष्ठ: मग ‘आडकाठी’ म्हणावे.

भरतीओहोटी: बाजू बदलताना ती ज्याच्या डोक्यावर आदळली आहे, तो या सूचनेला मनापासून अनुमोदन देईल! तरीही मुले ‘बूम’ म्हणतात, तोच ठेवावा.

शब्दनिष्ठ: मुले म्हणतात म्हणून ठेवायचे, तर भाषांतर तरी कशाला करायचे?

मालवणकर: दामणीविषयी एक राहिले. गोठ्यातल्या लहान दाव्यालाही आमच्याकडे दामणी म्हणतात, तेव्हा फारसीच्या पक्षाने आधी तिचा उलगडा करावा.