मदत हवी आहे: गॅम्बेसनचा मुंढा कसा बेतायचा?

नमस्कार मंडळी! मी जर्मनीत हॅनोव्हरजवळ राहते. दर उन्हाळ्यात ब्रोकेलो गावी 'कॉन्क्वेस्ट ऑफ मिथोडिया' नावाचा मोठा लार्प भरतो. हजारो लोक काल्पनिक राज्यांतली पात्रं होऊन तंबूत राहतात आणि फोमच्या तलवारींनी लढतात. (हो, मोठी माणसंच!) यंदा मला पहारेकरीण व्हायचंय, म्हणून चिलखताखाली घालतात तो जाड अंगरखा, म्हणजे गॅम्बेसन शिवतेय.

बाहेरून आणि अस्तराला लिनन, मध्ये सुती भरण. पॉलिस्टर नकोच, शेकोटीची ठिणगी उडाली तर वितळून कातडीला चिकटतं.

प्रश्न गोधडी शिवणाऱ्यांना जास्त आहे. थरांवर उभ्या टिपा मारल्या की कापड रुंदीत आकसतं. मग आधी अख्ख्या कापडाला टिपा मारून नंतर बेतायचं, की थोडं मोठं बेतून मग टिपा? छाती ९६ सेंमी आहे, आत सदरा असेल. सैलपणा किती धरू?

दुसरं, मुंढा. तलवार उगारताना हात पूर्ण वर जायला हवा, पण जाड बाही काखेत अडते. काखेत चौकोनी तुकडा जोडू, की काखेची शिवण उघडीच ठेवून बाही फक्त खांद्याला नाडीने बांधू? दुसरं सोपं वाटतं, पण पावसात गारठा आत शिरेल. आणि तिथे पाऊस पडतोच.

मशीन साधं घरगुती आहे, जीन्सची १०० नंबरची सुई लावलीय. तरी वरचा थर पुढे सरकतो. वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्यासोबत सरकवणारा मशीनचा पाय) कोणी वापरलाय का, की सरळ हाताने धावदोरा घालू?