मोसंबी, मोसम आणि मान्सून

शंकासुर: कोपऱ्यावरच्या रसवाल्याने पाटीवर 'मौसमी ज्यूस' असं रंगवून घेतलंय. मोसंबी हा शब्द 'मोसम'वरून आलाय का?

तांडेल: नाही हो. हिंदीतलं ते 'मौसमी' म्हणजे कानाला बरं वाटलं म्हणून केलेलं रूप. मोसंबी हा शब्द आला मोझांबिकवरून, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या बेटाच्या नावावरून. वास्को द गामा मार्च १४९८ मध्ये त्या बेटाला लागला, आणि पुढे पोर्तुगीज जहाजांचा तो नेहमीचा थांबा झाला. फळ मूळचं आफ्रिकेचं नव्हे, लिंबू-संत्र्यांचं माहेर आशियाच. बेटाचं नाव तिथल्या मूसा नावाच्या शेखावरून पडलं असं मानतात. म्हणजे आपण पितो तो रस एका माणसाच्या नावाचा!

बोरूबहाद्दर: अरबीत संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात. सरळ पोर्तुगालच.

शंकासुर: बरं, मग 'मोसम' कुठला?

तांडेल: अरबी 'मौसिम', म्हणजे ठरलेली वेळ. दर्यावर्दींच्या तोंडी तो वाऱ्याचा हंगाम झाला. गामाच्या प्रवासात हा अर्थ लख्ख दिसतो. २४ एप्रिलला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदराहून निघाला, तिथे मिळालेला वाटाड्या सोबत होता, नैर्ऋत्येचा वारा नुकता धरत होता. तेवीस-चोवीस दिवसांत मलबारचा किनारा दिसला. परतताना मात्र वारा फिरायची वाट न पाहता कालिकत सोडलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अंजदीव बेटावरून (कारवारजवळचं, पण आज गोव्यात मोडणारं) आफ्रिकेकडे निघाला तो जवळजवळ तीन महिने समुद्रातच. हिरड्या सुजून माणसं मेली, जहाजं हाकायला हात उरले नाहीत, शेवटी 'साओ राफायेल' हे जहाज जाळून टाकावं लागलं. मोसम चुकला की काय होतं, ते हे.

पोर्तुगीजांनी याच मौसिमचं 'मोंसांव' केलं, इंग्रजीत ते मान्सून झालं. एकच शब्द आपल्याकडे दोनदा आला, फारसीच्या वाटेने मोसम आणि फिरंग्यांच्या जहाजातून मान्सून.

बोरूबहाद्दर: म्हणजे बातम्यांमधला 'मान्सूनचा मोसम' म्हणजे मोसमाचा मोसम.

तांडेल: अगदी. मी तरी 'मोसमी पाऊस'च लिहितो.

शंकासुर: रसवाल्याला मोझांबिक सांगून आलो. म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक मौसमीच मागतं." बाकी आमच्या घरी 'मोसंबं' म्हणतात, नपुंसकलिंगी. तुमच्याकडे?