लसूण बुडातून कुजतोय, ट्रायकोडर्मा चालत का नाही?

प्रश्न: ४० दिवसांचा लसूण. शेंड्याकडून पिवळा पडतोय, ओढला की सहज हातात येतो. गड्ड्याच्या तळाशी पांढरट-गुलाबी बुरशी. ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) आळवणी केली, म्हणजे पाण्यातून मुळाशी ओतली; चार दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराईड हे तांब्याचं बुरशीनाशकही दिलं. फरक शून्य.

उत्तर १: कॉपरने तुमचा ट्रायकोडर्माच मारला असणार. दोन्हींत १०-१५ दिवसांचं अंतर हवंच. गुलाबी झाक म्हणजे बहुधा फ्युजारियम या जमिनीतल्या बुरशीची बुडकूज. कुजलेला गड्डा परत येत नाही. रोगट झाडं मातीसकट काढा, बांधावर टाकू नका. मग वाफसा (ना चिखल ना कोरडी, अशी ओल) असताना, संध्याकाळी, एकरी १ किलो ट्रायकोडर्मा पावडर २०० लिटर पाण्यातून मुळाशी द्या. कोरड्या तापल्या जमिनीत दिलं तर पैसे पाण्यात.

उत्तर २: खरं काम लागवडीआधीचं. एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ८-१० दिवस ठेवायचा, मधे एकदा वरखाली करायचा. कच्चं शेणखत तापतं, त्यात तो टिकत नाही. पाकळ्यांना किलोला ५ ग्रॅम चोळून त्याच दिवशी लावायच्या. खरचटलेली पाकळी सरळ बाजूला.

उत्तर ३: तळाशी मोहरीहून बारीक काळे दाणे आहेत का बघा. असतील तर ती पांढरी कूज. ते दाणे जमिनीत २० वर्षंही जगतात, तिथे कांदा-लसूण विसरा.

पानांवर जांभळे चट्टे (करपा) आले तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा, स्टिकर (चिकटवणारं द्रव) टाकूनच; मेणचट पानावर थेंब ठरत नाही. अर्क करपा बरा करत नाही, फुलकिडे आवरतो. त्यांच्या ओरखड्यांतून करपा सहज शिरतो.